यीस्ट पावडर घेण्याआधी शेण धुऊन पाहा

प्रश्न : आमच्याकडे 12 एचएफ (होल्स्टिन फ्रिजियन) संकरित गाई आहेत. महिन्याभरात दुधाची फॅट 3.7 टक्क्यांवरून 3.1 वर आली. शेण पातळ पडतं. मुरघास (हवाबंद मुरवलेला हिरवा चारा), चाऱ्याची बारीक कुट्टी आणि गाईमागे दोन वेळचा मिळून 9 किलो खुराक (धान्य-पेंडीचं खाद्य) देतो. यीस्ट दिलं तर फॅट वाढेल का? बेकरीचं यीस्ट चालेल का?

उत्तर : यीस्टचा उपयोग होतो, पण तुमच्या गोठ्यात आज आधी कडबा हवा आहे.

एका वेळी साडेचार किलो खुराक पोटात गेला की कोटीपोटात (गाईच्या चारा आंबवणाऱ्या मोठ्या पोटात) आम्ल झपाट्याने तयार होतं. ते आम्ल मारायला गाईची लाळ असते, आणि लाळ सुटते रवंथ करताना. बारीक कुट्टी आणि मुरघासावर गाय रवंथ कमी करते. चारा पचवणाऱ्या जिवाणूंना आम्ल सोसत नाही. फॅट बनते ती याच जिवाणूंच्या कामावर, म्हणून तुमची फॅट उतरली.

दुपारी गाई बसल्या असतील तेव्हा गोठ्यात जा. निम्म्याहून अधिक गाई रवंथ करताना दिसायला हव्यात. एका घासाला किती वेळा चावते ते मोजा. 50-60 वेळा चावत असेल तर ठीक, 40 च्या खाली असेल तर चाऱ्यात लांब धागा कमी पडतोय. मग ओंजळभर ताजं शेण जुन्या चाळणीत घेऊन नळाखाली धुवा. मक्याचे दाणे, सरकीचे तुकडे उरले तर तुम्ही विकत आणलेला खुराक न पचताच उकिरड्यावर चाललाय. हे पाहताना मला खरंच वाईट वाटतं, कारण तो पैसा तुमच्या घामाचा असतो.

उपाय आजच सुरू करा. तोच खुराक चार वेळा विभागून द्या. सकाळी खुराकाआधी कडबा टाका, कुट्टी इंच-दीड इंचाची ठेवा. नुसत्या उसाच्या वाढ्यांवर (शेंड्याच्या हिरव्या पाल्यावर) भागवू नका.

आता यीस्ट. जिवंत यीस्ट कोटीपोटातला थोडाफार ऑक्सिजन वापरून टाकतं. तिथल्या जिवाणूंना ऑक्सिजन नकोच असतो, त्यामुळे ते जोमाने वाढतात; लॅक्टिक आम्ल खाणाऱ्या जिवाणूंनाही बळ मिळतं. यीस्ट पोटात कायम मुक्काम करत नाही, म्हणून रोज द्यावं लागतं. आठवड्यातून दोनदा मूठभर टाकून काही होत नाही. विण्याआधी 3 आठवडे ते विल्यानंतर दोन-अडीच महिने आणि एप्रिल-मेच्या उन्हात त्याचा गुण जास्त दिसतो. 6-7 लिटरच्या गाईवर हा खर्च करू नका.

पाकिटावर 'सॅकरोमायसिस सेरेव्हिसी' हे यीस्टचं शास्त्रीय नाव, एका ग्रॅममधल्या जिवंत पेशींची संख्या आणि मुदत पाहा. पेशींचा आकडाच नसेल तर घेऊ नका. मात्रा पाकिटावर दिली असेल तीच. गरम किंवा शिजवलेल्या आंबोणात (भिजवलेल्या खुराकात) मिसळलं तर यीस्ट मरतं. आंबोण कोमट झाल्यावर वरून टाका. पाकीट पत्र्याच्या शेडमध्ये उन्हात ठेवू नका. बेकरीचं यीस्ट जातीने तेच असलं तरी त्याचं वाण पीठ फुगवण्यासाठी निवडलेलं असतं, गाईच्या पोटासाठी नाही. ते नको.

दुकानदाराच्या सांगण्यावर 12 ही गाईंना सुरू करू नका. सारख्या वेताच्या (तितक्याच वेळा व्यालेल्या), सारख्या दुधाच्या 6 गाईंना द्या, 6 ना देऊ नका. चार आठवडे दोन्हींचं दूध आणि फॅट वेगळी लिहा. पावडरीच्या खर्चापेक्षा जास्त पैसे दुधातून आले तरच पुढचं पाकीट.

प्रश्न : लग्नातला उरलेला भात गाईने भरपूर खाल्ला, यीस्ट देऊ का?

उत्तर : नाही. हे प्रकरण तीव्र आम्लतेचं आहे, यात जनावर आडवं होऊ शकतं. उरलेला भात तिच्यापुढून लगेच काढून घ्या, खुराक बंद करा, फक्त कडबा ठेवा आणि पशुवैद्यकाला त्याच क्षणी फोन करा. पोट फुगलं नाही म्हणून सकाळपर्यंत थांबू नका.