मॉरिशसमध्ये पडलेल्या उमेदवारांनाही खासदार करतात, हे खरे आहे का? आणि तिथे राष्ट्रपती मोठा की पंतप्रधान?

हो, खरे आहे. आणि हा मागल्या दाराचा प्रकार नाही. घटनेच्या पहिल्या परिशिष्टातच तशी तरतूद आहे. तिथे सगळे तिला ‘बेस्ट लूझर सिस्टीम’ म्हणतात.

नोकरीनिमित्त मी २०१५ ते २०२० मॉरिशसमधल्या कात्र बोर्न या गावी राहिले. राष्ट्रकुलातल्या देशाचा नागरिक दोन वर्षे मॉरिशसमध्ये राहिला की त्याला मतदारयादीत नाव नोंदवता येते, त्यामुळे भारतीय पासपोर्टवर मी ७ नोव्हेंबर २०१९ ला तिथे मतदान केले आहे. एका शाळेत केंद्र होते. यंत्र नाही, कागदाची लांबलचक मतपत्रिका. त्यावर किल्ली, सूर्य, हृदय, कोंबडा अशी चिन्हे. आणि फुल्या मारायच्या तीन. दोन मारल्या तरी मत बाद, चार मारल्या तरी बाद. मुख्य बेटावर २० मतदारसंघ आहेत आणि प्रत्येकातून तीन खासदार जातात, म्हणून तीन. रॉड्रिग्स बेटावरून दोन. मिळून ६२. त्यांत पडलेल्यांतून जास्तीत जास्त आठ जणांची भर पडते, म्हणजे सभागृह फार तर ७० जणांचे.

राष्ट्रपतींचे आधी उरकते. १९९२ पर्यंत ब्रिटनची राणीच तिथली राष्ट्रप्रमुख होती. १२ मार्च १९९२ ला देश प्रजासत्ताक झाला. स्वातंत्र्यदिनही तोच, १२ मार्च १९६८; १९३० साली दांडीयात्रा याच तारखेला निघाली होती, म्हणून ती तारीख निवडली. राष्ट्रपतीला संसद साध्या बहुमताने निवडते, आणि नाव पंतप्रधानच सुचवतो. त्यामुळे सत्ता कुणाकडे हे उघड आहे: पंतप्रधानाकडे. राष्ट्रपती विधेयक एकदा परत पाठवू शकतो. संसदेने ते पुन्हा मंजूर केले की सही करावीच लागते. २००२ मध्ये दहशतवादविरोधी कायद्याच्या वेळी राष्ट्रपती कासम उतीम यांनी सही करण्याऐवजी राजीनामा दिला. उपराष्ट्रपती अंगिदी चेट्टियार यांनीही तेच केले. शेवटी सरन्यायाधीशांनी कार्यवाहक राष्ट्रपती म्हणून सही केली आणि कायदा झालाच. अधिकार एवढेच, पण सही नको म्हणून पद सोडणारी माणसे त्या खुर्चीवर बसून गेली, याचे मला आजही मोल वाटते.

आता पडलेल्या उमेदवारांकडे येते. ही सोय का करावी लागली ते कळण्यासाठी साठच्या दशकात जावे लागते. ब्रिटिश जाणार म्हटल्यावर बेटावर आनंदाइतकीच भीतीही होती. उसाच्या मळ्यांवर मजूर म्हणून आलेल्या हिंदूंची लोकसंख्या निम्म्याहून जास्त. बाकीच्यांना वाटे, ‘एक माणूस एक मत’ झाले की आपले काय? मुस्लिमांचे नेते अब्दुल रझाक मोहम्मद हमी मागत होते (दोनशे रुपयांच्या नोटेवर त्यांचाच चेहरा आहे). फ्रेंच वंशाचे गोरे आणि क्रेओल (आफ्रिकी व मिश्र वंशाचे लोक) यांच्यातल्या बहुतेकांना स्वातंत्र्यच नको होते. १९६७ च्या निवडणुकीत सुमारे ४४ टक्के मते स्वातंत्र्याला विरोध करणाऱ्या पक्षाला पडली. जानेवारी १९६८ मध्ये पोर्ट लुईत क्रेओल आणि मुस्लिमांत दंगल उसळली आणि ब्रिटिश सैन्य उतरवावे लागले. त्यानंतर दोनच महिन्यांत झेंडा बदलला. अशा दिवसांत ही तरतूद बसवली गेली आहे, हे विसरून तिला नावे ठेवणे मला पटत नाही.

पद्धत अशी. उमेदवाराने अर्ज भरताना आपला समाज लिहायचा. समाज चारच: हिंदू, मुस्लिम, चिनी आणि ‘जनरल पॉप्युलेशन’, म्हणजे राहणीमानावरून पहिल्या तिघांत न बसणारे सगळे. निकाल लागला की ज्या समाजाचे लोक लोकसंख्येच्या मानाने कमी निवडून आले, त्यातल्या सर्वांत चांगली मते घेऊन पडलेल्याला आधी जागा मिळते. अशा पहिल्या चार जागांना पक्षाचा विचार नाही. पुढच्या चार देताना पक्षांचा तोलही सांभाळायचा असतो.

याचा खरा उपयोग दिसतो तो एकतर्फी निकालात, आणि मॉरिशसमध्ये लाट आली की ती सगळेच धुऊन नेते. १९८२, १९९५ आणि २०२४, तीनदा मुख्य बेटाच्या साठच्या साठ जागा एकाच आघाडीला गेल्या. २०२४ मध्ये सत्तेतल्या आघाडीला पाव भागाहून थोडी जास्त मते पडली आणि निवडून आला एकही नाही. सभागृहातला विरोधी पक्षनेता याच तरतुदीमुळे आत आला. हे पद तिथे घटनात्मक आहे. मंगळवारी कामकाज सुरू होताना पहिला अर्धा तास सरकारला थेट प्रश्न विचारण्याचा हक्क त्याचा असतो. ही तरतूद नसती तर त्या जागेवर उभे राहायला कुणी नसते.

१९९५ ची निवडणूक तर आपण मराठी माणसांनी मुद्दाम लक्षात ठेवावी अशी. प्राथमिक शाळेच्या शेवटच्या परीक्षेत हिंदी, उर्दू, तमिळ, तेलुगू, मराठी अशा भाषांचे गुण गुणवत्ता यादीत धरायचे की नाही, यावर वाद पेटला होता. पंतप्रधान अनिरुद्ध जगन्नाथ यांनी त्यासाठी घटनादुरुस्ती आणली, ती फसली, संसद बरखास्त झाली आणि निवडणुकीत त्यांचा पक्ष पार धुतला गेला. ते स्वतःही पडले. तिथे पंतप्रधान पडणे नवे नाही: १९८२ मध्ये शिवसागर रामगुलाम, १९९५ मध्ये जगन्नाथ, २०१४ मध्ये नवीन रामगुलाम, २०२४ मध्ये प्रविंद जगन्नाथ. चौघेही पंतप्रधानपदी असताना स्वतःच्या मतदारसंघात हरले आणि चौघांनीही खुर्ची सोडली. दोन घराण्यांकडे आलटून पालटून सत्ता जाते ही तक्रार खरी आहे, पण सत्ता जाते हेही तितकेच खरे आहे.

मग खोट कुठे आहे? माझ्या शेजारी एक काका राहत. पणजोबा रत्नागिरीकडून गिरमिटिया, म्हणजे करारावरचे मजूर, म्हणून आलेले. त्यांचे पहिले नावच आता घराचे आडनाव झाले आहे. घरात क्रेओल भाषा बोलतात, गणपती मात्र दरवर्षी बसतो. काकांना मराठी असण्याचा फार अभिमान. पण घटनेच्या चार चौकटींत मराठी नाही, तमिळ नाही, तेलुगूही नाही. सगळे ‘हिंदू’ या एकाच चौकटीत. हे काकांना टोचायचे. त्यांच्या मुलीने क्रेओल ख्रिस्ती मुलाशी लग्न केले. तिचा मुलगा उद्या उभा राहिला तर काय लिहील? राहणीमानावरून ठरवायचे तर घरी गणपतीही आहे आणि नाताळही. त्याने काहीतरी लिहिले आणि एखाद्या मतदाराने हरकत घेतली, तर तो कोण हे सर्वोच्च न्यायालयाचा न्यायाधीश ठरवणार. काही लिहिलेच नाही तर अर्ज बाद. ‘रेझिस्तान्स एक अल्तर्नातिव’ या पक्षाच्या उमेदवारांचे २०१० आणि २०१९ मध्ये तसेच झाले.

आणि समाजांचे प्रमाण कुठल्या आकड्यांवर मोजतात? १९७२ च्या जनगणनेच्या. त्यानंतरच्या जनगणनेत समाज विचारणेच बंद झाले, ते चांगल्याच हेतूने. पण त्यामुळे आज जन्मलेल्या मुलाचे प्रतिनिधित्वही पन्नास वर्षांपूर्वीच्या मोजणीवर ठरते. संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीने २०१२ मध्ये यावर बोट ठेवले. २०१४ पुरती समाज न लिहिण्याची सवलत दिली गेली, पुढच्या निवडणुकीत पुन्हा जैसे थे.

तुम्ही न्यायालयाबद्दल विचारलेले नाही, तरी सांगते: प्रजासत्ताक होऊनही शेवटचे अपील लंडनच्या प्रिव्ही कौन्सिल या ब्रिटिश न्यायसंस्थेकडेच जाते. आपण ते १९४९ मध्येच बंद केले. तिथल्या वकिलांशी बोलताना मात्र जाणवले की इतक्या छोट्या बेटावर, जिथे प्रत्येक जण प्रत्येकाच्या नात्यात, तिथे दूरचा न्यायाधीश अनेकांना हवासा वाटतो.

माझे मत विचाराल तर हमी राहावी आणि चौकटी जाव्यात. दक्षिण आफ्रिकेचे न्यायमूर्ती अल्बी सॅक्स यांच्या आयोगाने २००२ मध्येच मार्ग सुचवला होता: थेट निवडलेल्या ६२ जागा तशाच ठेवायच्या आणि १० टक्क्यांहून जास्त मते घेणाऱ्या पक्षांना मतांच्या प्रमाणात आणखी ३० जागा द्यायच्या. २०१९ मध्ये सुमारे ३७ टक्के मतांवर ३८ जागा मिळवून सरकार बनले, ते मी डोळ्यांनी पाहिले. सॅक्स यांची सूचना मानली असती तर तो तोल सावरला असता, आणि अल्पसंख्याकांना यादीत जागा देणे पक्षांनाही भाग पडले असते. २०१८ मध्ये बेस्ट लूझर रद्द करणारे विधेयक आलेही, पण तीन-चतुर्थांश बहुमत जमले नाही. काकांना मी तेव्हा विचारले होते, ही पद्धत गेली तर बरे वाटेल का? ते म्हणाले, "नातवासाठी जावी. पण अडुसष्टची दंगल मी पाहिली आहे, म्हणून आधी नवीन काय येते ते दाखवा."