फ्रेंच शिकू की शिवणावर लक्ष देऊ?

प्रश्न : मी इचलकरंजीची, फॅशन डिझाइनच्या दुसऱ्या वर्षाला. फ्रेंचचा क्लास लावायचाय. बाबा म्हणतात, आधी शिवण नीट शिक. काय करू?

उत्तर : बाबांचं खरं आहे, कच्च्या हाताला भाषा सावरत नाही. तरी क्लास लावच. मी 11 वर्षं मुंबईत एक्स्पोर्टच्या कपड्यांची मर्चंडायझर, म्हणजे परदेशी गिऱ्हाइकांच्या ऑर्डरी सांभाळणारी, होते. एका फ्रेंच ऑर्डरच्या कागदावर ‘दुब्ल्युर’ लिहिलं होतं. आम्ही समजलो डबल कापड. अर्थ होता अस्तर! जॅकेटचे सगळे नमुने परत आले, मास्टरजींचा उतरलेला चेहरा अजून आठवतो. त्याच रात्री वही केली : ‘बिए’ म्हणजे उरेब (तिरका काप), ‘द्र्वा-फिल’ म्हणजे कापडाचा उभा धागा, ‘त्वाल’ म्हणजे मांजरपाटावर आधी शिवून बघतात तो कच्चा नमुना. पुढच्या वेळी पॅरिसच्या बाई बाही हातात धरून बोलल्या, तेव्हा मध्ये दुभाषा लागला नाही.

पुण्यात अलियांस फ्रान्सेज ही फ्रेंच शिकवणारी संस्था आहे. डेल्फ या फ्रेंचच्या परीक्षेची बी1, म्हणजे मधली पातळी गाठ. पुरुषांचे सूट किंवा चामड्याच्या वस्तू करायच्या असतील, तर मात्र इटालियन घे. आणि शिवणाच्या खोलीत वही जवळ ठेव. कापाकापीचे शब्द क्लासच्या पुस्तकात फारसे भेटत नाहीत.