जंताची तीच गोळी मुलीला एकदाच आणि भावाला चौदा दिवस, असं का?

तुम्ही विचारलंय की मुलीला शाळेत जंतनाशक दिनाला अल्बेंडाझोलची एक गोळी चावून खायला लावली आणि विषय संपला. भावाच्या मेंदूत मात्र पट्टकृमीच्या अळीची गाठ निघाली, तर त्याला तीच ४०० मिलिग्रॅमची गोळी दिवसातून दोनदा, चौदा दिवस, आणि तीही तूप-तेल असलेल्या जेवणाबरोबर सांगितली. गोळी एकच, मग एवढा फरक का?

मी डी. फार्मच्या मुलांना औषधशास्त्र शिकवते, आणि माझ्या आत्याला हाच आजार झाला होता. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तुमच्या मुलीचे जंत आतड्यात असतात आणि गोळीही आतड्यातच पोचते. हे औषध पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, त्यामुळे रक्तात जेमतेम ५ टक्के किंवा त्याहूनही कमी शिरतं. मुलीसाठी हे चांगलंच आहे. औषध जंताच्या पेशीतल्या ट्यूब्युलिन नावाच्या प्रथिनाला चिकटतं, जंताला ग्लुकोज घेता येत नाही आणि तो उपासमारीने मरतो. उरलेलं औषध शौचावाटे निघून जातं.

भावाची अळी मेंदूत आहे. तिथे पोचायचं तर औषध आधी रक्तात यायला हवं, आणि इथे तुपाचं काम सुरू होतं. स्निग्ध जेवणामुळे आतड्यात पित्त येतं आणि त्यात ही गोळी बरीच जास्त विरघळते. सुमारे ४० ग्रॅम स्निग्धांश असलेल्या जेवणाबरोबर घेतली तर रक्तातलं प्रमाण उपाशीपोटीपेक्षा पाचपटीपर्यंत वाढतं. वरण-भातावरचं तूप, दाण्याची चटणी, सायीचं दही असं सगळं मिळून तेवढं होतं.

माझ्या आत्याला हे कुणी नीट समजावलं नव्हतं. जंताची गोळी म्हणजे उपाशीपोटी, ही आमच्या घरातली जुनी समजूत, म्हणून ती पहाटे नुसत्या पाण्याबरोबर घ्यायची. पाच दिवस तसेच गेले. ती जन्मभर शाकाहारी. डुकराचं मांस खाल्लं नाही तर हा आजार होतच नाही असं लोक समजतात, पण कृमीची अंडी न धुतलेल्या भाजीतून किंवा कुणाच्या अस्वच्छ हातांतूनही पोटात जातात.

आतड्यातून शोषलेलं औषध आधी यकृतात जातं. तिथली एन्झाइम्स त्यातल्या गंधकाच्या अणूला ऑक्सिजनचा एक अणू जोडतात आणि अल्बेंडाझोल सल्फॉक्साइड तयार होतं. हे इतक्या झपाट्याने होतं की मूळ अल्बेंडाझोल रक्तात जवळजवळ सापडतच नाही. यकृत औषधं निकामी करतं असं आपण ऐकत आलोय, पण इथे मेंदूतल्या अळीला मारणारं खरं औषध यकृतच बनवतं. मला हा भाग शिकवताना दर वर्षी तितकाच आनंद होतो. हे सल्फॉक्साइड मेंदूभोवतीच्या द्रवातही उतरतं, रक्तातल्या प्रमाणाच्या निम्म्याहून थोडं कमी. पुढे यकृत आणखी एक ऑक्सिजन जोडतं, त्याचं सल्फोन होतं आणि मग त्याचा प्रभाव उरत नाही. आठ ते बारा तासांत सल्फॉक्साइड निम्म्यावर येतं, म्हणून दिवसातून दोनदा. अळीवर इतके दिवस सतत मारा व्हावा लागतो, म्हणून चौदा दिवस.

भावाला फिट येत असतील तर फेनिटॉइन, कार्बामॅझेपिन किंवा फेनोबार्बिटोन यांपैकी काही चालू आहे का ते बघा. या गोळ्या यकृतातली एन्झाइम्स वाढवतात आणि सल्फॉक्साइड लवकर संपतं. पण म्हणून फिटची गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका, ते फार धोक्याचं आहे. डॉक्टरांना फक्त आठवण करून द्या. अळी मरताना सूज येते, त्यासाठी डेक्सामेथासोन दिलेलं असतं. त्याने उलट सल्फॉक्साइडचं प्रमाण सुमारे दीडपट होतं.

लघवीवाटे सल्फॉक्साइड १ टक्क्याहूनही कमी जातं, बाहेर पडायची मुख्य वाट पित्ताची. सगळा भार यकृतावर असल्यामुळे कधी कधी त्याची एन्झाइम्स रक्तात वाढतात, क्वचित पांढऱ्या पेशीही कमी होतात. भावाला मध्येच रक्त तपासायला बोलावलंय ते यासाठीच. बरं वाटतंय म्हणून ती तपासणी चुकवू देऊ नका.