अवयवदान केलेल्या चुलतभावाची आठवण वर्षश्राद्धाला कशी ठेवावी?

तुमचा 19 वर्षांचा चुलतभाऊ बेळगावकडच्या खानापूर रस्त्यावर अपघातात गेला, ब्रेन डेड (मेंदू कायमचा बंद पडलेला) ठरल्यावर काका-काकूंनी त्याचे अवयव दिले. आता वर्षश्राद्ध आलंय, तर त्याचा मान कसा राखावा आणि ज्यांना अवयव मिळाले त्यांना शोधून बोलवावं का, असं तुम्ही विचारलंय.

शोधायचं आधी सांगतो : शोधू नका. नावं गुप्त ठेवायचा नियम आहे, हॉस्पिटल सांगणार नाही. पेपरातल्या बातम्यांच्या तारखा जुळवून माग काढणारे असतात, पण त्यातून समोरच्या घरावर आयुष्यभराचं ओझं येतं. शिवाय बसवलेला अवयव टिकतोच असं नाही. काकूंनी शोधलेला माणूसही गेला असं कळलं, तर पोरगा दुसऱ्यांदा गेल्यासारखं होईल. फार वाटलं तर हॉस्पिटलच्या समन्वयकांना एवढंच विचारा, 'पेशंट बरे आहेत का?' सांगण्यासारखं असेल ते सांगतील.

आता मानाचं. माझ्या बहिणीचा मुलगा असाच गेला. त्याच्या मंडळाच्या पोरांनी शिवजयंतीच्या चित्ररथावर त्याच्या अवयवदानाचा देखावा करायचं ठरवलं होतं. बहीण म्हणाली, "त्यानं कुठं दिलं? आम्ही दिलं. त्याला क्रिकेट सोडून काय ठाऊक होतं?" पोरं गप्प झाली. मला ते पटलं. एवढ्या वयाच्या पोरानं सहसा कुठं काही लिहून ठेवलेलं नसतं, ठेवलं तरी आपल्याकडं शेवटी घरच्यांनाच विचारतात. म्हणजे दान आईबापाचं आणि आयुष्य पोराचं. या दोन्हींचा मान वेगवेगळा राखायला हवा.

आईबापाचा मान म्हणजे शाल-श्रीफळ नव्हे. 2008 मध्ये तामिळनाडूत हितेंद्रन या 15 वर्षांच्या मुलाचे अवयव त्याच्या आईवडिलांनी दिले, त्यानंतर त्या राज्यात अवयवदानाला मोठा जोर आला. ते दोघंही डॉक्टर होते, ब्रेन डेड म्हणजे काय हे त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. तुमच्या काकांसमोर मात्र पोराची छाती व्हेंटिलेटरवर वरखाली होत होती, अंग गरम होतं, आणि परक्या माणसांच्या शब्दावर विश्वास ठेवून त्यांनी सही केली. माझ्या भावजींना कन्नड बोलता येतं, वाचता येत नाही. कागद कन्नड आणि इंग्रजीत. एका नर्सबाईंनी शेजारी बसून ओळ न् ओळ मराठीत सांगितली, म्हणून निभावलं.

आणि मग गावात कुजबुज. बाराव्याच्या पंगतीतच आमच्या कानावर आलं, "जीव होता म्हणे अजून", "पैसे मिळाले असणार की हो". तुमच्याकडंही कुणी बोललं असेलच. त्याला उत्तर घरच्यांनी द्यायचं नाही, तुम्ही भावकीतल्यांनी द्यायचं. चार डॉक्टरांचं मंडळ तपासतं, किमान सहा तासांच्या अंतरानं दोनदा. व्हेंटिलेटर थांबवून स्वतःहून श्वास येतो का तेही बघतात. अवयव बसवणारे डॉक्टर त्या मंडळात नसतात. 1994 च्या कायद्यानं पैशाची देवघेव हा गुन्हा आहे. कर्नाटकात कुठला अवयव कुणाला, हे 'जीवसार्थकते' ही सरकारी संस्था यादीप्रमाणं ठरवते. अपघाताची केस म्हणून पोलीस, पोस्टमॉर्टम, त्यात वेळ जातो. त्या वेळेचाही लोक भलता अर्थ काढतात. हे सगळं वर्षश्राद्धाला जमलेल्या पाहुण्यांसमोर कुणीतरी, शक्यतो डॉक्टरनं, मराठीत सांगितलं तर काकांचा खरा मान राहील.

पोराची आठवण मात्र त्याच्या दोस्तांकडून काढून घ्या. पंख लावलेल्या फोटोचा बॅनर चार दिवसांनी कुणाच्यातरी भाताच्या पिंजराच्या गंजीवर दिसतो, ते पैसे वाचवा. एक वही फिरवा. त्यानं कुणाची गाडी ढकलली, कुणाची उधारी बुडवली, वर्गातून का हाकललं, सगळं येऊ दे. आमच्या वहीतले दोन किस्से बहिणीला माहीतच नव्हते. ती हसली, मग रडली, मग पुन्हा वाचायला घेतली. देवमाणूस करून ठेवलेल्या पोराशी आईला भांडता येत नाही.

काही उपक्रम हवाच असेल तर नेत्रदानाचे फॉर्म ठेवा. मरणोत्तर अवयवदानाला सहसा ब्रेन डेड व्हावं लागतं आणि तेही आयसीयूत. डोळे घरी गेलेल्या म्हाताऱ्या माणसाचेही चालतात, चष्मा असो की मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं असो, फक्त सहा तासांच्या आत कळवायचं. 2021 मध्ये कन्नड नट पुनीत राजकुमार गेला तेव्हा त्याचे डोळे दिले, हे आपल्या भागात मराठी पोरांनाही ठाऊक आहे, त्यामुळं फार समजवावं लागत नाही. देहदान, म्हणजे अख्खा देह डॉक्टरकीच्या विद्यार्थ्यांना शिकायला देणं, मात्र वेगळं, ते यात मिसळू नका. बैलहोंगलच्या डॉ. रामण्णवरांचा देह त्यांच्याच इच्छेप्रमाणं त्यांच्या डॉक्टर मुलानं 2010 मध्ये विद्यार्थ्यांसमोर विच्छेदन केला. ती गोष्ट मोठीच आहे, पण त्या दिवशी काकूंच्या समोर नको.

श्राद्धाचे विधी नेहमीसारखे करा. अवयव काढून घेतल्यावर देह शिवून परत देतात, त्यामुळं काही अपुरं राहिलं असं कुणा भटजींनी सांगितलं तर दुसरे भटजी बघा. काकूंना पुढं बसवा, पण माईक त्यांच्या हातात देऊ नका. बोलायचंच असेल तर त्या मागून घेतील.