यातली खरी मी कोणती, असं विचारलंस म्हणून

प्रिय बेटा,

सप्रेम सलाम. तुझा एवढा मोठा मेसेज आला, तो नीट वाचला, आणि त्याला व्हॉट्सअ‍ॅपवर दोन ओळी टाकून मोकळं होणं मला जमणार नाही म्हणून बसून लिहितेय. ऑफिसातली एक, रविवारी चर्चच्या क्वायरमध्ये गायला उभी राहते ती दुसरी, गावी आजीसमोर असते ती तिसरीच आणि इन्स्टावर दिसते ती तर कुणी भलतीच, यातली खरी मी कोणती काकू, असं तू विचारलंयस. असा प्रश्न पडला म्हणजे विश्वास कमी झाला असं तू समजतेस, ते आधी डोक्यातून काढ. मला तर वाटतं की चर्चमध्ये वाढलेल्या प्रत्येक पोराला हा प्रश्न एकदा तरी कडकडून पडायला हवा.

बायबलमधला मत्तयाचा तिसरा अध्याय उघड. येशू यार्देन नदीवर येतो, योहानाकडून बाप्तिस्मा घेतो, आणि आकाशातून वाणी होते की हा माझा प्रिय पुत्र, याच्यावर मी संतुष्ट आहे. आता मागची पानं चाळून बघ की तोपर्यंत त्याने केलं काय होतं? एकही चमत्कार नाही, डोंगरावरचं प्रवचन अजून व्हायचंय, शिष्य तर एकही नाही. नासरेथसारख्या लहान गावातला सुतार, लूक म्हणतो त्याप्रमाणे तिशीच्या आसपासचा, एवढंच. आणि बाप आधीच संतुष्ट आहे! काम नंतर आलं, नातं आधी सांगितलं गेलं. बरं, लगेच पुढच्या अध्यायात सैतान येतो तो काय म्हणतो, तू देवाचा पुत्र असशील तर या धोंड्यांच्या भाकरी करून दाखव. म्हणजे हल्ला नेमका तिथेच, जे नुकतंच बापाने सांगितलं त्यावरच, की सिद्ध कर आधी. आणि येशू काही सिद्ध करायला जात नाही. भूक लागलेली असताना सुद्धा नाही.

तुझ्या अप्रेझलमध्ये रेटिंग कमी आलं आणि तू आठवडाभर नीट जेवली नाहीस असं लिहिलंस ना, तेव्हा मला हेच आठवलं. रेटिंग कमी आलं याचं वाईट वाटणारच, मेहनत केली होतीस. पण त्या आकड्याने तू कोण हे ठरवलं आणि तू ते ठरवू दिलंस, त्याचं मला जास्त वाईट वाटलं.

उधळ्या पुत्राचा दाखला आपण संडेस्कूलच्या गॅदरिंगला कितीदा बसवला असेल, तुला पाठ आहे तो. तरी एक गोष्ट परत बघ. बापाची संपत्ती उधळून डुकरांच्या शेंगांकडे बघत बसलेला तो पोरगा घरी जाऊन काय बोलायचं ते ठरवतो: मी पाप केलंय, तुमचा मुलगा म्हणवून घ्यायची माझी लायकी नाही, मला मजूर म्हणून ठेवून घ्या. घरी पोचल्यावर पहिली दोन वाक्यं तो बोलतो आणि तिसरं राहूनच जातं, कारण बाप मधेच नोकरांना सांगायला लागतो की उत्तम झगा आणा, अंगठी आणा, पायात घालायला जोडे आणा. मजूर म्हणून ठेवा हे त्याला बोलूच दिलं नाही बापाने. आणि मोठा भाऊ? तो कधी घर सोडून गेला नाही, पण रागावल्यावर त्याच्या तोंडून काय निघतं, मी इतकी वर्षं तुमची चाकरी करतोय आणि मला साधं करडूसुद्धा दिलं नाही. म्हणजे घरात राहून तोही स्वतःला मजूरच समजत होता. आपण चर्चमधली माणसं बहुतेक या मोठ्या भावासारखीच असतो बघ, क्वायरला वेळेवर आले, उपास केला, दशांश म्हणजे कमाईचा दहावा भाग दिला, आता तरी देवाने माझ्याकडे बघावं. तू ज्या थकव्याबद्दल लिहिलंयस तो मला तरी त्यातलाच वाटतो.

म्हणून जन्मापासून चर्चमध्ये असणं आणि ख्रिस्तात असणं, यात फरक असू शकतो. हे मी मनाचं सांगत नाहीये, पंडिता रमाबाईंनी स्वतः लिहून ठेवलंय. १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेजला त्यांनी बाप्तिस्मा घेतला, तोही डोळे मिटून नाही, तिथल्या सिस्टरांशी आणि मोठमोठ्या धर्मगुरूंशी त्या वाद घालत होत्या, मला माझी सदसद्विवेकबुद्धी आहे, ती मी कुणाच्या हवाली करणार नाही अशा अर्थाचं सरळ कळवत होत्या. आणि इतकं सगळं करून काही वर्षांनी त्यांना कळलं की मला ख्रिस्ती धर्म तर सापडला पण त्या धर्माचा जीव जो ख्रिस्त तो अजून सापडलेला नाही. रमाबाईंसारखी विद्वान बाई, जिने पुढे केडगावचं मुक्ती मिशन उभं केलं, मूळ हिब्रू-ग्रीक शिकून बायबलचं मराठी भाषांतर केलं, तिला हे बाप्तिस्म्यानंतर उमगतं, तर तुला पंचविशीत प्रश्न पडले म्हणून तू कशाला घाबरतेस?

आता ते लंचमधलं. तू ख्रिश्चन, मग आडनाव मराठी कसं, आणि घरी इंग्लिश बोलता का, असं कुणीतरी विचारलं आणि तू हसून विषय बदललास. त्या माणसाला बहुतेक खरंच माहीत नसावं, त्याच्यावर चिडू नकोस. पण तुला माहीत पाहिजे. १६१६ मध्ये गोव्यात थॉमस स्टीफन्स नावाच्या इंग्रज जेझुइट धर्मगुरूने ख्रिस्तपुराण छापलं, जवळजवळ अकरा हजार ओव्या, आणि त्यात मराठीचं असं कौतुक केलंय की आपल्याकडे आजही ते पाठ म्हणतात. कोकणातल्या करजगावचे कवी ना. वा. टिळक १८९५ ला मुंबईत बाप्तिस्मा घेऊन ख्रिस्ती झाले, त्याआधी रेल्वेच्या डब्यात एका गोऱ्या प्रवाशाने त्यांना नवा करार दिला होता आणि डोंगरावरच्या प्रवचनाने त्यांना धरून ठेवलं. ते म्हणायचे की मी तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो. आणि पूल ओलांडल्यावर त्यांनी तो पाडला नाही, अभंगच लिहीत राहिले, आज आपण उपासनेत गातो त्यातली कितीतरी गाणी त्यांची. तेव्हा पुढच्या वेळी कुणी विचारलं तर साधं सांग की आम्ही मराठीच, नगरकडचे, पिढ्यान्‌पिढ्या ख्रिस्ती. जास्त समजावत बसू नकोस, डबा गार होईल.

जातीच्या दाखल्याचं तू शेवटी एका ओळीत लिहिलंस, पण मला वाटतं तेच तुला सगळ्यात जास्त टोचतंय. बाबांच्या कागदावर हिंदू लिहिलेलं आणि घरातल्या भिंतीवर क्रूस, मग आपण खोटे का, असं. बेटा, १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा फक्त हिंदूंना ठेवला, १९५६ ला शीख आणि १९९० ला बौद्ध त्यात आले, ख्रिस्ती झालेल्या दलितांना आजही तो नाही. माझ्या मते हा अन्याय आहे, कारण जात काही चर्चच्या गेटवर चपलांसारखी काढून ठेवता येत नाही, आणि खरं सांगायचं तर आपल्याच मंडळीत लग्न जमवताना लोक हळूच विचारतात, ते मूळचे कोण? ते तर मला जास्त लागतं. प्रेषित पौल गलतीकरांना पत्रात लिहितो की यहूदी-हेल्लेणी (म्हणजे ग्रीक), दास-स्वतंत्र, पुरुष-स्त्री असा भेद ख्रिस्तात नाही, तुम्ही सगळे एकच आहात, आणि आपण ते रविवारी वाचतो आणि सोमवारी विसरतो. बाबांनी पोरांच्या शिक्षणासाठी जे केलं त्याचा न्याय तू करू नकोस, मीही करत नाही. तुझ्या स्वतःच्या कागदावर काय लिहायचं ते मात्र तू ठरव, प्रार्थना करून ठरव, घाबरून नको. आणि ठरेल ते ठरेल, तो कागद सरकारला माहिती देतो, स्वर्गातल्या बापाला तुझी ओळख करून द्यायला लागत नाही.

एक मात्र सांभाळ. हल्ली सगळीकडे जे चाललंय ना, स्वतःला शोध, मनाला येईल तशी जग, त्यात आणि मी सांगतेय त्यात बराच फरक आहे. पौल म्हणतो की मी ख्रिस्ताबरोबर वधस्तंभावर खिळलेला आहे, आता मी जगतो असं नाही, ख्रिस्त माझ्यात जगतो. म्हणजे तुझ्यातलं काही जाईलही. लोकांना आवडावं म्हणून जे चार चेहरे लावावे लागतात ते जातील, मनात धरून ठेवलेला त्या मैत्रिणीवरचा राग जाईल, आणि जाताना दुखेल. तुझं हसणं, तुझा हट्टीपणा, गणितातलं डोकं, नगरी बोलणं यातलं काही जायची गरज नाही, ते त्यानेच दिलंय.

आणि घाई करू नकोस. नवऱ्याने, म्हणजे ना. वा. टिळकांनी, बाप्तिस्मा घेतला तेव्हा लक्ष्मीबाई टिळक त्यांच्यासोबत गेल्या नाहीत, काही वर्षं वेगळ्या राहिल्या, रडल्या, भांडल्या, सोवळंओवळं तर त्यांच्या अंगात मुरलेलं. मग हळूहळू, स्वतःच विचार करत करत, जात माणसानेच केलीय हे त्यांचं त्यांना पटलं आणि १९०० मध्ये त्यांनी स्वतःच्या निर्णयाने बाप्तिस्मा घेतला. कुणाची बायको म्हणून नाही. देवाने त्यांना तेवढा वेळ दिला, तुलाही देईल.

सध्या एवढंच कर. एखाद्या शनिवारी फोन दुसऱ्या खोलीत ठेवून मार्काचं शुभवर्तमान एका बैठकीत वाच, सोळाच अध्याय आहेत, दीड-दोन तासांत होतं. अभ्यास म्हणून नको, नोट्स काढू नकोस, नुसतं बघ की हा येशू माणसांशी बोलतो कसा, विशेषतः ती बारा वर्षं रक्तस्रावाने आजारी असलेली बाई गर्दीतून मागून येऊन वस्त्राला शिवते तेव्हा तो तिला काय म्हणून हाक मारतो ते. क्वायरमधून महिनाभर सुट्टी घ्यावीशी वाटली तर घे, मी बोलते पाळकसाहेबांशी, पण उपासनेला येत जा, मागच्या बाकावर बसलीस तरी चालेल. आणि आईला यातलं थोडं तरी सांग, तिला वाटतं तू तिच्यावर रागावलीयेस.

मार्क वाचून झालं की फोन कर, रात्री नऊनंतर मी मोकळी असते.

तुझी काकू