वाचक विचारतात : घाट उतरताना गाडी मध्येच का थांबते?

प्रश्न : पुण्याहून मुंबईला येताना गाडी मंकी हिल, ठाकूरवाडीला थांबते. तिथे ना कुणी चढत, ना उतरत. मग थांबा कशासाठी?

उत्तर : तो थांबा प्रवाशांसाठी नाहीच. तिथे ब्रेकची परीक्षा होते. बोरघाटात सर्वांत तीव्र उतार ३७ ला १ आहे, म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की रूळ १ मीटर खाली येतो. अशा उतारावर १,००० टनांची गाडी सुमारे २७ टनांच्या जोराने खाली ओढली जाते.

थांब्यापुढे कॅच सायडिंग असते. मुख्य मार्गातून फुटून डोंगराच्या अंगाने वर चढणारा आणि तिथेच संपणारा हा रूळ. सांधा, म्हणजे गाडीला एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणारी जोडणी, एरवी या फाट्याकडेच लावलेला असतो, मुख्य मार्गाकडे नाही. गाडी सिग्नलपाशी पूर्ण थांबली की मगच सांधा फिरतो आणि पुढचा मार्ग मिळतो. जिला थांबता आलं नाही ती गाडी आपसूक फाट्यावर जाते आणि चढावर तिचा वेग मरतो. त्या क्षणी कुणी काही करण्याची गरज उरत नाही, हीच यातली खुबी.

स्टेशनच्या दिशेने ८० ला १ पेक्षा तीव्र उतार असेल, तर कॅच सायडिंग लागते. स्टेशनातून बाहेर १०० ला १ पेक्षा तीव्र उतार असेल, तर स्लिप सायडिंग. पहिली येणाऱ्या बेफाम गाडीला पकडते, दुसरी यार्डातून घरंगळणाऱ्या डब्यांना. दोन्हींची गल्लत बऱ्याच लेखांत दिसते.

एवढी धास्ती कशाला? हिशेब करून पाहा. घाटाची उंची सुमारे ५५८ मीटर. १,००० टनांची गाडी केवळ ब्रेकवर खाली आणली, तर घर्षणातून निघणारी उष्णता जवळजवळ १९,००० लिटर पाणी उकळीला आणेल. ती सगळी ब्रेकचे ठोकळे आणि चाकं सोसतात. तापलेल्या ठोकळ्याची पकड ढिली पडते. म्हणून बराचसा भार इंजिनाच्या मोटरांवर टाकतात. १९२९-३० मध्ये कल्याण-पुणे मार्गाचं विद्युतीकरण झालं, तेव्हाची ‘खेकडा’ नावाने ओळखली जाणारी इंजिनं उतारावर मोटरांकडून वीज निर्माण करून तारेत परत देत.

प्रश्न : दोन डब्यांमधला ब्रेकचा पाइप सुटला, तर मागचे डबे ब्रेकविना पळत सुटतील का?

उत्तर : नाही. दोन्ही तुकड्यांचे ब्रेक आपोआप लागून ते थांबतील. पूर्वी मात्र तुमची भीती खरी ठरली असती. बोरघाट १८६३ मध्ये सुरू झाला, तेव्हा ब्रेक-डब्यातली माणसं हाताने चाक फिरवून ब्रेक आवळत. नंतर आलेल्या साध्या निर्वात ब्रेकमध्ये पाइपातली हवा शोषली की ब्रेक लागे. पाइप तुटला की ब्रेक गेला.

१२ जून १८८९ रोजी आयर्लंडमध्ये आर्मा इथे हेच घडलं. सहलीची गाडी ७५ ला १ च्या चढावर अडकली. पुढचा भाग आधी वर न्यायचा म्हणून गाडी तोडली. तोडताच मागच्या दहा डब्यांचे ब्रेक सुटले. आधार उरला तो हातब्रेकचा आणि चाकाखालच्या दगडांचा. पुढचा भाग सुटताना किंचित मागे सरकला, दगड चिरडले आणि डबे उतारावरून मागून येणाऱ्या गाडीवर आदळले. ८० जण गेले. त्याच वर्षी ब्रिटनमध्ये प्रवासी गाड्यांना स्वयंचलित ब्रेक कायद्याने सक्तीचे झाले. वेस्टिंगहाउसचा तसा ब्रेक १८७२ पासून उपलब्ध होता. सतरा वर्षं चालढकल झाली ती मुख्यत: खर्चापायी, असं आमचं मत.

स्वयंचलित म्हणजे उलटा हिशेब. आपल्याकडे ब्रेक पाइपात ५ किलो दाब (दर चौरस सेंटिमीटरला) भरलेला असतो, तोवर ब्रेक मोकळे. दाब उतरला की प्रत्येक डब्याखालच्या टाकीतली हवा ब्रेक-सिलिंडरमध्ये शिरते. एकाच पाइपाच्या रचनेत एक दोष आहे : उतारावर ब्रेक वारंवार लावून सोडला, तर टाकी भरायच्या आतच रिकामी होत जाते. म्हणून ६ किलो दाबाचा दुसरा पाइप, फीड पाइप, टाकी सतत भरत राहतो.

प्रश्न : साखळी ओढल्यावर गाडी लगेच का थांबत नाही?

उत्तर : साखळी ब्रेक पाइपाला एक बारीक छिद्र उघडून देते. त्यातून हवा सुसाटते आणि दाब बेताबेताने उतरतो. इंजिनातल्या हवेच्या मापकावर लोको पायलटला ते दिसतं. मग डब्याच्या टोकाशी झडप पूर्ववत केल्याशिवाय गाडी हलत नाही.

धोका असतो तो या पूर्ववत करण्यात. २७ जून १९८८ रोजी पॅरिसजवळ एका प्रवासी बाईने साखळी ओढली. ब्रेक सोडवण्याच्या खटपटीत चालकाकडून पहिल्या आणि दुसऱ्या डब्यामधला कॉक (ब्रेक पाइपातली हवा अडवणारी तोटी) बंद झाला. मग ब्रेक सुटेनात, तेव्हा डब्यांखालच्या टाक्या आणि ब्रेक-सिलिंडरमधली हवाच काढून टाकली. आठपैकी सात डबे ब्रेकविना गार द ल्यों स्थानकाकडे उताराने निघाले. चालकासमोरचा काटा नेहमीचाच दाब दाखवत होता, कारण तो मोजत होता बंद कॉकच्या अलीकडची हवा. स्थानकात उभ्या गाडीवर ती आदळली. ५६ जण मरण पावले.

म्हणून गाडी जोडल्या-तोडल्यावर दाब मागच्या ब्रेक-डब्यातल्या काट्यावर बघतात. लोको पायलट पुढून दाब उतरवतो; गार्डाचा काटाही उतरला, तरच मधले सगळे कॉक उघडे आहेत. इंजिनातला काटा एकटा काही सिद्ध करत नाही.