ग्लुकोमीटरची पट्टी एका थेंबातून साखर कशी मोजते? याच पद्धतीने हार्ट अटॅक ओळखता येईल का?

पट्टीच्या टोकाला कार्बन किंवा सोन्यासारख्या धातूचे बारीक इलेक्ट्रोड असतात आणि त्यांवर एन्झाइम वाळवून बसवलेलं असतं, अनेकदा ग्लुकोज ऑक्सिडेज. हे एन्झाइम ग्लुकोजमधून इलेक्ट्रॉन काढतं, पण ते थेट इलेक्ट्रोडला देऊ शकत नाही. मध्ये फेरिसायनाइडसारखा एक दलाल लागतो. मीटर ठरावीक व्होल्टेज देऊन करंट मोजतो. साखर जास्त तेवढा करंट जास्त. मूळ कल्पना अमेरिकेतल्या लेलँड क्लार्क यांची, १९६२ सालची. घरगुती मीटरमध्ये ती १९८०च्या दशकात आली.

आकडा तंतोतंत मात्र धरू नका. आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेच्या २०१३च्या निकषानुसार डेसिलिटरला (लिटरच्या दहाव्या भागाला) १०० मिग्रॅ किंवा त्याहून जास्त साखरेला १५ टक्के इकडेतिकडे चालतं. बोटाला गोड काही लागलं असेल, पट्टी दमट झाली असेल किंवा ॲनिमिया असेल, तर फरक आणखी वाढतो. त्यामुळे आधी हात धुवा.

हार्ट अटॅकचं म्हणाल तर होय, पण तिथे गाडी अडते ती प्रमाणावर. ग्लुकोज रक्तात लिटरला साधारण एक ग्रॅम असतं. हार्ट अटॅक ओळखायला जे शोधतात ते ट्रोपोनिन, म्हणजे हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढणारं प्रथिन, लिटरला काही नॅनोग्रॅम, म्हणजे ग्रॅमचे अब्जांश. शिवाय त्यातून एन्झाइमने इलेक्ट्रॉन काढता येत नाहीत. म्हणून अँटीबॉडीने ते पकडायचं आणि तिला जोडलेल्या दुसऱ्या एन्झाइमकडून करंट मिळवायचा. अशी हातात मावणारी यंत्रं काही इमर्जन्सी विभागांत वापरात आहेत. छातीत दुखत असेल तर घरी चाचणीच्या नादी लागू नका, १०८ लावा.